जॉब कुणाचा? एएस/४०० वरच्या व्हेंडर पोर्टलचं एक प्रकरण

महिन्याची ७ तारीख उलटली की आमच्या ईडीपीतला, म्हणजे कंपनीच्या संगणक विभागातला, फोन थांबत नाही. हे फोन खरं तर अकाउंट्सचे. तिथं कुणी उचलला नाही की व्हेंडर आमच्याकडं लावतात, आणि आम्ही माणसं दोनच: मी आणि एक तरुण सहकारी. प्रश्न ठरलेले. बिल पास झालं का? परवा टाकलेल्या मालाची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) निघाली का? रिजेक्शन किती दाखवलंय?

विचारणारे बहुतेक वाळूज, रांजणगाव, कमळापूर या पट्ट्यातले शेडवाले. चार लेथ, एखादं सीएनसी, पाच-सात माणसं, आणि मालक स्वतः मशीनवर. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला, त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे कारखाने आले, आणि त्या कारखान्यांना काम करून देणारी ही शेडं. आमची कंपनी मधल्या पायरीवरची. मोठ्यांना माल द्यायचा, लहानांकडून काम करून घ्यायचं. पैसे कधी येणार हे शेडवाल्याला कळलं तरच शनिवारी कामगारांना काय सांगायचं हे त्याला ठरवता येतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात कलम ४३ब मध्ये नवी तरतूद आली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देऊ त्याच वर्षी धरता येतो. तेव्हापासून अकाउंट्सलाही तारखांची काळजी लागली, आणि व्हेंडरला स्वतःची माहिती वेबवरच्या एका पोर्टलवर स्वतः पाहता यावी असं वरच्यांनी ठरवलं.

पानं तीन हवी होती. जीआरएन, बिलांची स्थिती, आणि जॉबवर्कच्या चलानांची शिल्लक, म्हणजे आमचा जो माल काम करायला व्हेंडरकडं पाठवला त्याच्या कागदांवर अजून किती परत यायचंय ते. त्या चलानाला आमच्याकडं अजून 'सत्तावन्न एफ फोर' म्हणतात. तो एक्साइजचा नियम केव्हाच गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तरी नाव जिभेवरून गेलेलं नाही. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरतात. म्हणून कुणाच्या शेडमध्ये आमचे किती नग पडून आहेत, हे दोन्ही बाजूंना रोज दिसायला हवं.

ही सगळी माहिती एका मशीनमध्ये आहे. आयबीएमनं २१ जून १९८८ ला एएस/४०० हा कंपन्यांच्या कारभारासाठीचा संगणक बाजारात आणला. पुढं त्याचं नाव आयसिरीज झालं, मग सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर मशीनवर चालणारी आयबीएम आय ही ऑपरेटिंग सिस्टिम. आमच्याकडं मशीन दोनदा बदललं, पण स्टोअरपासून गेटपर्यंत सगळे अजून 'फोर हंड्रेड'च म्हणतात. या मशीनवर माझा जीव आहे. डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातच आहे, वेगळा बसवावा लागत नाही. आरपीजी या प्रोग्रामिंग भाषेत लिहून वीस वर्षांपूर्वी कंपाइल केलेला प्रोग्राम नव्या मशीनवर तसाच चालतो. वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, यूपीएसनं मान टाकली, तरी परत उठल्यावर यानं आमचा एकही रेकॉर्ड हरवलेला नाही. म्हणून 'हे जुनं झालं, काढून टाका' असं कुणी म्हटलं की मी आधी त्याला जीआरएनचे नियम विचारते. आंशिक स्वीकृती, सवलतीनं घेतलेला माल, दर बदलाच्या आधीचं चलान आणि नंतरची पावती, हे सगळं त्या आरपीजीत आहे. दुसरीकडं कुठंही लिहिलेलं नाही.

त्यामुळं पोर्टल याच मशीनवर चालवायचं ठरलं. जावा सर्व्हलेटचा, म्हणजे वेबसाठी जावात लिहायच्या प्रोग्रामांचा, विचार केला होता. पण आमचं मशीन लहान, जावाला मेमरी जास्त लागते, आणि दराचे नियम जावात पुन्हा लिहिले की एका दराची दोन उत्तरं मिळण्याची सोय आपणच करून ठेवतो. पीएचपीही या मशीनवर चालतं, नोडही चालतं. आम्हा दोघांना येत होतं आरपीजी. सिस्टिमसोबत अपाचेवर बेतलेला एचटीटीपी सर्व्हर येतो. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये स्क्रिप्ट-अलायसची एक ओळ लिहिली की एखाद्या लायब्ररीतले, म्हणजे या मशीनवरच्या फोल्डरसारख्या जागेतले, प्रोग्राम सीजीआय म्हणून चालवता येतात. ब्राउझरनं पान मागितलं की अपाचे आरपीजी प्रोग्रामला हाक मारतो, प्रोग्राम आलेली माहिती वाचतो, डेटाबेसमधून ओळी काढतो आणि एचटीएमएल लिहून परत देतो. बाहेरच्या जगाला फोर हंड्रेड थेट दाखवायचं नाही म्हणून पुढं एक छोटं लिनक्स मशीन ठेवलं. एचटीटीपीएस ते सांभाळतं, आत फक्त ठरलेल्या पानांच्या विनंत्या सोडतं.

सुरुवातीच्या अडचणी किरकोळ होत्या. या मशीनमध्ये अक्षरांचे कोड एबसिडिक पद्धतीचे, वेबचे वेगळे. रूपांतर सर्व्हर करतो. पण चौकटी कंस कोड पेज ३७ या अक्षरांच्या तक्त्यात एका जागी असतो आणि ५०० मध्ये दुसऱ्या. आमच्या पानातली जावास्क्रिप्ट त्यामुळं दोन दिवस बिनसली होती. मराठी सूचना डेटाबेसच्या जुन्या फील्डमध्ये बसेनात, तेव्हा त्या यूटीएफ-८ च्या साध्या फाइलमध्ये ठेवल्या आणि अपाचेनं थेट दिल्या. एवढ्यावर ते मिटलं.

खरी चूक दुसरीकडं होती, आणि ती माझी होती. ती समजायला फोर हंड्रेडवर माणूस कसा काम करतो ते आधी पाहावं लागेल.

स्टोअरमधला माणूस सकाळी हिरव्या स्क्रीनवर, म्हणजे फोर हंड्रेडच्या टर्मिनलवर, साइन-ऑन करतो. त्या क्षणी मशीनमध्ये त्याच्या नावाचा एक जॉब, म्हणजे त्याच्या कामाचं स्वतंत्र सत्र, तयार होतो. जॉबला टर्मिनलचं नाव, माणसाचं युजर प्रोफाइल आणि एक क्रमांक असतो. त्या जॉबची स्वतःची लायब्ररी लिस्ट (प्रोग्राम आणि फाइली कुठल्या लायब्ररींत शोधायच्या त्याची यादी) असते, क्यूटेम्प नावाची स्वतःची तात्पुरती लायब्ररी असते, आणि १,०२४ बाइटांचा लोकल डेटा एरिया असतो. त्याला आम्ही एलडीए म्हणतो. संध्याकाळी माणूस साइन-ऑफ करतो तेव्हा हे सगळं पुसलं जातं. दिवसभर तो जॉब त्याचा, दुसरा कुणी त्यात हात घालू शकत नाही.

आमच्या जुन्या प्रोग्रामांनी याचा पुरेपूर फायदा घेतलेला. परचेसच्या मेन्यूत व्हेंडर कोड टाकला की तो एलडीएच्या पहिल्या सहा जागांवर लिहिला जायचा. पुढचा प्रत्येक प्रोग्राम, मग जीआरएन पाहा, बिल पाहा, दर पाहा, तिथूनच कोड उचलायचा. दर वेळी पॅरामीटर पाठवायला नको. ज्यांनी हे लिहिलं ते माझे गुरू होते. आणि त्यांनी बरोबरच लिहिलं होतं, कारण त्यांच्या काळात जॉब म्हणजे एक माणूस हे गृहीत धरणं चूक नव्हतं.

वेबसाठी मी त्यांचा हिशेबाचा भाग तसाच उचलून सर्व्हिस प्रोग्राममध्ये, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामांना हाक मारता येईल अशा सामाईक प्रोग्राममध्ये, घातला. व्हेंडरनं लॉगिन केलं की लॉगिनचा प्रोग्राम त्याचा कोड एलडीएत लिहायचा. पुढची पानं तो तिथून वाचायची. मी तपासलं, सहकाऱ्यानं तपासलं, परचेसमधल्या एकीनं तपासलं. महिनाभर चार-पाच ओळखीच्या व्हेंडरांनी वापरलं. कुणाला काही खटकलं नाही.

वेबवर जॉब माणसाचा नसतो. सर्व्हरचे सीजीआय जॉब क्यूएचटीटीपीएसव्हीआर या सबसिस्टिममध्ये बसलेले असतात आणि सगळे एकाच ठरलेल्या प्रोफाइलखाली चालतात. विनंती आली की जो मोकळा असेल तो ती घेतो, काम करतो, पुढच्या विनंतीची वाट पाहतो. एका व्हेंडरचं लॉगिन एका जॉबनं केलं आणि त्याचं पुढचं पान दुसऱ्या जॉबनं दिलं, असं सहज होतं. आम्ही एकएकट्यानं तपासत होतो तेव्हा मोकळा जॉब एकच होता. प्रत्येक क्लिक त्याच्याकडंच जायची आणि एलडीएत आपलाच कोड सापडायचा.

पोर्टल सगळ्यांना खुलं केल्यावर काही दिवसांनी आषाढी एकादशीचा आदला दिवस आला. वाळूजच्या छोट्या पंढरपूरला दिंड्या येत होत्या, रस्त्याची वाहतूक वळवलेली. अकाउंट्सनं एकादशीच्या आधी पैसे सोडायचे ठरवलं होतं आणि यादी साडेदहाला दिसेल असा निरोप सगळ्या व्हेंडरांना गेला. साडेदहाला सगळे एकदम पोर्टलवर आले.

पावणेअकराला फोन आला. रांजणगावचे एक शेडवाले, वयानं माझ्या वडिलांएवढे.

"ताई, माझ्या पानावर दुसऱ्याचा माल दिसायलाय."

"काका, नाव कुणाचं आहे वरती?"

"नाव माझंच हाय. खाली बुश लिहिलेत. आपण बुश कुठं करताव? आपलं तर पिनांचं काम हाय." मग ते जरा थांबले. "अन् ताई, दर बी दिसायलेत. मी पाहिलं न् बंद केलं. तुमच्या कानावर घालावं म्हणलं."

दर. आमच्या धंद्यात व्हेंडरचा दर म्हणजे त्याच्या तिजोरीची किल्ली. एकाच गल्लीतली दोन शेडं तोच भाग वेगवेगळ्या दरानं करत असतात, आणि नगामागं दहा पैशांच्या फरकावर काम इकडून तिकडं जातं. नाव लॉगिनच्या वेळी कुकीत, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणाऱ्या छोट्या नोंदीत, लिहिलेलं होतं म्हणून बरोबर दिसत होतं. खालची यादी एलडीएतल्या कोडवरून येत होती, आणि तो कोड त्या जॉबमध्ये आधी येऊन गेलेल्या कुणाचा तरी होता.

मी फोन ठेवला आणि सर्व्हर बंद केला. कारण शोधायच्या आधी बंद केला, याबद्दल मला आजही शंका नाही. पाचच मिनिटांत फोन पुन्हा सुरू झाले, या वेळी 'पान उघडेना' म्हणून. ते आम्ही सोसले.

दुपारी अंतर्गत नेटवर्कवर वेगळा सर्व्हर उभा केला आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दोन गोष्टी छापायला लावल्या: जॉबचा क्रमांक आणि एलडीएतली पहिली सहा अक्षरं. मी माझ्या टेबलावर एका व्हेंडरच्या नावानं लॉगिन केलं, सहकाऱ्यानं त्याच्या टेबलावर दुसऱ्याच्या. "एक, दोन, तीन" म्हणून दोघांनी एकदम एंटर मारला. पहिल्या दोन वेळा काहीच चुकलं नाही. तिसऱ्या वेळी माझ्या पानाच्या तळाशी जॉबचा क्रमांक बदलला, आणि शेजारी त्याच्या व्हेंडरचा कोड उमटला. वर माझ्या व्हेंडरचं नाव, खाली त्याच्या व्हेंडरची चलानं. तो खुर्ची सरकवून माझ्या स्क्रीनपाशी आला आणि आम्ही दोघं काही वेळ नुसते बघत राहिलो.

पहिला उपाय चुकला, तोही सांगते, कारण ही चूक बरेच जण करतात. अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप म्हणजे जॉबच्या आतला कप्पा, प्रोग्रामचे व्हेरिएबल आणि उघडलेल्या फाइली त्यात राहतात. आमचा कप्पा नाव दिलेला होता. आरपीजी प्रोग्राम एलआर इंडिकेटर (काम पूर्ण संपल्याची खूण) न लावता परतला की असा कप्पा जसाच्या तसा राहतो, पुढच्या हाकेला व्हेरिएबलमधली जुनी मूल्यं हजर. वेग मिळतो म्हणून तसं ठेवलं होतं. मला वाटलं, गडबड इथंच आहे. प्रोग्राम 'न्यू' अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुपनं पुन्हा तयार केले, म्हणजे दर हाकेला कोरा कप्पा. पानं मंद झाली आणि चूक तशीच राहिली. एलडीए कप्प्यात नसतो, जॉबला लागून असतो. क्यूटेम्पही तसंच. कप्पा कितीही धुतला तरी घर तेच.

त्या रात्री मी कागदावर दोन रकाने आखले. डावीकडं जुने प्रोग्राम ज्या ज्या गोष्टी जॉबकडून घेतात त्या: व्हेंडर कोड, प्लांट, युजरचं नाव, क्यूटेम्पमधल्या वर्क फाइली, फाइलीतली शेवटची जागा, अधिकार. उजवीकडं वेबवर ती गोष्ट आता कुठून येणार. उजवा रकाना भरताना कळलं की एकाही ओळीला 'जॉबकडून' हे उत्तर चालत नाही.

मग रचना बदलली. लॉगिन झालं की अंदाज बांधता येणार नाही असा एक लांब टोकन तयार होतो. तो कुकीत जातो आणि मशीनमधल्या एका टेबलमध्ये व्हेंडर कोड आणि मुदतीसह लिहिला जातो. कुकीत दुसरं काहीही नाही, नावसुद्धा नाही. प्रत्येक पानाचा पहिला भाग टोकन वाचतो, टेबलमधून कोड काढतो आणि तो पॅरामीटर म्हणून पुढं देतो. टोकन नसेल किंवा मुदत संपली असेल तर लॉगिनचं पान, दुसरं काही नाही. सर्व्हिस प्रोग्राममधून एलडीएची वाचनं एकूण एक काढली. हे काम सगळ्यांत कंटाळवाणं होतं आणि त्याला दोन आठवडे गेले, कारण एलडीए कुठं कुठं वाचला जातो ते सोर्समध्ये शोधत बसावं लागलं. अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप पुन्हा नाव दिलेला केला, पण प्रत्येक हाकेच्या सुरुवातीला सगळे व्हेरिएबल कोरे करणारा एक भाग आधी चालतो. दोन प्लांटसाठी दोन वेगळे सर्व्हर ठेवले, म्हणजे लायब्ररी लिस्ट मध्येच बदलायची वेळच येत नाही.

सर्व्हलेट लिहिले असते तर यातून सुटलो असतो, असं सहकारी म्हणाला. तसं नाही. सर्व्हलेटचं एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेडना, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक विनंत्यांना, वाटलेलं असतं. व्हेंडर कोड त्याच्या फील्डमध्ये ठेवला असता तर हेच झालं असतं, आणि पकडायला अवघड गेलं असतं.

आता व्हेंडरांना सांगायचं का, हा प्रश्न. परचेसच्या साहेबांचं म्हणणं, "एकानंच पाहिलंय, त्यानं सांगितलंय, विषय संपला." मला ते पटलं नाही. एकानं फोन केला म्हणजे एकानंच पाहिलं असं होत नाही. शोधायला गेलो तर अपाचेच्या लॉगमध्ये वेळ आणि आयपी पत्ता एवढंच होतं. कुठलं पान कुठल्या व्हेंडरची माहिती घेऊन गेलं हे आम्ही कुठंच नोंदवलं नव्हतं. शिवाय मोबाइलवरचे कितीतरी जण एकाच पत्त्यामागून आलेले. तेव्हा त्या सकाळी ज्यांनी ज्यांनी लॉगिन केलं होतं त्या सगळ्यांना फोन करायचे ठरले. साहेबांनी शेवटी निम्मे फोन स्वतः केले, आणि ते त्यांनी नीट केले. काही व्हेंडर चिडले. एकानं विचारलं, "माझा दर कुणी पाहिला ते सांगा." ते आम्हाला सांगता आलं नाही, आणि त्या वर्षातला माझा सगळ्यांत वाईट फोन तो होता. आता प्रत्येक विनंतीला एक ओळ लिहिली जाते: वेळ, जॉब क्रमांक, व्हेंडर कोड, पान.

पोर्टल परत सुरू झाल्यावर त्याच मुळातून आणखी एक गोष्ट वर आली. व्हेंडरनं पाठवलेल्या गाडीचा नंबर स्वतः भरावा असं पान केलं होतं. तो प्रोग्राम रेकॉर्ड बदलण्यासाठी उघडायचा आणि एका वाटेनं न सोडताच परतायचा. रेकॉर्डला कुलूप तसंच. इकडं स्टोअरमध्ये त्याच चलानावर कुणी गेलं की स्क्रीन ६० सेकंद गप्प आणि मग 'रेकॉर्ड दुसऱ्या जॉबकडं आहे' असा संदेश. पूर्वी असं झालं की स्टोअर इन्चार्ज जॉबचं नाव बघायचे आणि जाळीच्या पलीकडं ओरडायचे, "अरे, एफ-बारा मार की, चलान अडकवून चहाला गेलास!" या वेळी ते माझ्याकडं कागदावर सर्व्हरच्या प्रोफाइलचं नाव लिहून घेऊन आले. "मॅडम, हा माणूस कोण? आपल्याकडं हजेरीत नाही." त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. आता वेबचा प्रोग्राम रेकॉर्ड कुलूप न लावता वाचतो. लिहायच्या क्षणीच पकडतो, मधे कुणी बदललं नाही ना हे ताडून पाहतो आणि लगेच सोडतो.

नवं पान खुलं करायच्या आधी स्टोअरमधून एक आणि परचेसमधून एक, अशा दोघांना आम्ही ईडीपीत बोलावतो. दोन टेबलं, दोन व्हेंडर, आणि "एक, दोन, तीन". वीस वेळा. तळाशी जॉबचा क्रमांक छापलेला असतो आणि तो बदलल्याशिवाय चाचणी धरत नाही.

रांजणगावच्या काकांचा दिवाळीआधी फोन आला होता, बिलासाठी. पोर्टलवर तारीख दिसत होती, तरी त्यांना माझ्या तोंडून ऐकायची होती. मी सांगितली.

चलानांच्या वयाचा एक रिपोर्ट अजून राहिला आहे. तो क्यूटेम्पमध्ये चार वर्क फाइली बनवतो आणि एकीतून दुसरी भरत जातो. व्हेंडर तो दर महिन्याला मागतात. पण त्या चारही फाइली काढून हिशेब नव्यानं मांडेपर्यंत तो वेबवर जाणार नाही. तोवर मी तो हिरव्या स्क्रीनवर काढते आणि ज्याचा त्याला पाठवते.